निद्रेतल्या आईला विचारलेला कौल

त्या साली मी तुळजापूरला गेले ती भक्तीनं गेले नव्हते, हे आधीच कबूल करते. भीतीनं गेले होते. भीती देवीची होती, लोकांची होती, आणि सगळ्यांत जास्त माझी मलाच वाटत होती. कारण माझ्या पाच वर्षांच्या पोरीच्या जिभेला डाग द्यायला मीच हो म्हटलं होतं. सासूनं नाही, नवऱ्यानं नाही. मी.

आम्ही तेव्हा जळकोटला राहत होतो. हे शाळेत मास्तर होते. निजामाच्या अमलात उर्दूत शिकलेले, संस्थान गेल्यावर रात्रंदिवस बसून मराठीची परीक्षा दिलेले, अतिशय गरीब स्वभावाचे. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि अंबू. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. अंबू नवसाची. दोन मुलं पोटातच गेल्यावर मी तुळजापूरच्या आईला म्हटलं होतं, हे जगू दे, तुझ्या नावानं गोंधळ घालीन. पोरगी जगली, अंबाबाईचं नाव ठेवलं, आणि गोंधळ मात्र आज घालू, उद्या घालू करत राहिला. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढं तिनंच माझं काळीज कुरतडलं.

अंबू दिसायला अशी गोड की बघणारा बघतच राही. पण ती कुणाकडं बघत नसे. हाक मारली तर वळत नसे. दीड वर्षाची असताना दोन-चार शब्द बोलायची, तेही हळूहळू गेले, विहिरीचं पाणी खाली जावं तसे. एक पितळेची वाटी होती तिची. ती जमिनीवर गरागरा फिरवायची, थांबली की पुन्हा फिरवायची. सकाळी बसली की जेवायच्या वेळेपर्यंत तेच. वाटी काढून घेतली तर असं किंचाळायची की शेजारच्या बाया पळत यायच्या. दारावरून लग्नाची वरात गेली तरी कान दाबून कोपऱ्यात डोकं आपटायची. आणि मी जवळ घ्यायला गेले की अंग असं ताठ करायची, जणू मी कुणी परकी बाई आहे. दुसऱ्या कशाहीपेक्षा हे मला जास्त लागायचं.

हल्ली याला स्वमग्नता म्हणतात म्हणे. अंबूचं ऐकून माझ्याकडं आता तरुण आईबाप येतात, हातात कागदांची जाडजूड फाईल असते. इथं दाखवू की तिथं, हे औषध की ते, विचारून विचारून थकलेले असतात. आम्हाला तेव्हा नावसुद्धा नव्हतं. नाव नसलेल्या दुखण्याला जो भेटेल तो आपलं नाव देतो. नळदुर्गच्या हकीमसाहेबांनी नाडी बघून मेंदूत सर्दी शिरलीय म्हणून सांगितलं आणि बदामाचं तेल दिलं. माणूस मोठा भला, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून डोळे पुसले त्यांनी. सोलापूरच्या मोठ्या डॉक्टरांनी दोन मिनिटं बघितलं आणि यांना इंग्रजीत काहीतरी सांगितलं. बाहेर आल्यावर हे म्हणाले, "पुण्याला वेड्यांचं इस्पितळ आहे, तिथं ठेवा म्हणतात." पाच वर्षांची पोर! मी म्हटलं, त्यापेक्षा मला ठेवा.

गावातल्या एका जाणत्या म्हातारीनं बिब्बा घालायला सांगितला, तोही मी घातला. स्वतःच्या हातानं. बिब्बा उतला, दंडावर पिवळे फोड आले, आणि अंबू रडली नाही. ती वाटी फिरवत राहिली. रडली असती तर बरं वाटलं असतं मला. त्या दिवसापासून मी पोरीला भ्यायला लागले. आई असून भ्यायला लागले, हे आज लिहितानाही हात जड होतो. तो वण अजून आहे तिच्या दंडावर.

नवरात्राआधी आत्याबाईंनी शेजारच्या गावचा देवरुषी आणला. त्यानं तांदूळ टाकले, डोळे फिरवले आणि माझ्याकडं बोट केलं. "देवीचं देणं अडकलंय. हिनं कबूल केलं आन् बुडिवलं. म्हणून आईनं पोरीची वाचा धरून ठिवलीय." गोंधळाची गोष्ट मी त्याला सांगितली नव्हती. आत्याबाईंनी सांगितली असेल, हे मला आज कळतं. तेव्हा कळायला डोकं ठिकाणावर कुठं होतं? तो म्हणाला, कोजागिरीच्या पुनवेला सकाळी येतो, तांब्याची सळई तापवून जिभेला डाग देतो, वाचा सुटंल. हे म्हणाले, "जरा विचार करू." आत्याबाई खाली पडलेले तांदूळ वेचत राहिल्या. आणि मी हात जोडून म्हटलं, "द्या. पण माझी पोर बोलू द्या." 

नवरात्र असंच गेलं. घटापुढं बसायची आणि मला दिव्याची वात दिसायची नाही, ती सळई दिसायची. दसरा झाला. पुनवेला दोन दिवस उरले तशी मी यांना म्हटलं, मी तुळजापूरला जाऊन येते, आईलाच विचारते. आत्याबाई म्हणाल्या, "आगं पर आई निजलीय आता. पुनव हुस्तवर पलंगावर अस्ती. आत्ता कुणाला इचारणार तू?"

खरं होतं ते. आमच्याकडं लहान पोरालाही माहीत असतं. नऊ दिवस महिषासुराशी लढून आई थकते, दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की तिला सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात. कोजागिरीपर्यंत तिची निद्रा. पण भ्यालेल्या माणसाला पळवाटा बऱ्या सुचतात. मी म्हटलं, मूर्ती निजली तरी चिंतामणी जागेवरच आहे ना? देवळाच्या मागच्या अंगाला तो गोल दगड आहे, त्यावर दोन्ही हात ठेवून मनातलं विचारायचं. उजवीकडं वळला तर होय, डावीकडं वळला तर नाही. दगडाला कसली आलीय झोप!

सकाळच्या मोटारीनं मी आणि अंबू निघालो. यांना शाळा होती, आणि खरं सांगायचं तर त्यांना येण्याचा धीर नव्हता. मोटारीत अंबूनं सगळं डोक्यावर घेतलं. एक बाई म्हणाली, "गप कर की गं पोरीला, का इकत आणलीस?" मी मान खाली घातली. सडकेनं पुनवेसाठी चालत निघालेले कर्नाटकातले लोक दिसत होते, कानडीत आईचा उदो करत चाललेले, पाय सुजलेले आणि तोंडं मात्र आनंदी. मला त्यांचा राग आला. यांच्या घरी कुणी सळई तापवत नसेल, असं वाटलं.

महाद्वारातून पायऱ्या उतरताना अंबूनं माझा दंड चावला. गर्दी, संबळ, नारळांचे आवाज; तिनं कान दाबले आणि खालीच बसली. मी तिला उचलली, तशीच छातीशी दाबून कल्लोळ तीर्थात पाय बुडवले आणि देवळाला वळसा घालून मागं गेले. चिंतामणीपाशी चार-पाच माणसं होती. माझी पाळी आली. अंबूला खाली ठेवलं, तिच्या हातात तिची वाटी दिली, दोन्ही तळवे दगडावर टेकले आणि डोळे घट्ट मिटले. विचारलं, "आई, पोरीला डाग देऊ का?"

छाती इतकी धडधडत होती की दगड हलला की माझे हात हलले कळेना. मग खरंच हलला. हळूहळू, पण नक्की. उजवीकडं.

मला रडू आलं नाही. आतून सगळं गार पडलं. म्हणजे आईचीही हीच इच्छा. आता सुटका नाही. मी डोळे उघडायलासुद्धा भीत होते, इतक्यात कुणीतरी माझ्या मनगटाला धरलं. "आगं बाय माजे, कौल का डोळं झाकून बघत्यात व्हय?"

देवीच्या नावानं जोगवा मागत फिरणारी एक आराधीण होती. गळ्यात कवड्यांची माळ, कपाळभर मळवट, डाव्या हातात परडी. साठीच्या पुढची, उन्हानं रापलेली. ती हसत होती. "खाली बघ की."

मी खाली बघितलं. दगडाच्या पलीकडच्या बाजूला अंबू उकिडवी बसली होती. वाटी बाजूला टाकलेली. दोन्ही हातांची बोटं दगडाच्या कडेला, आणि तो फिरतोय म्हणून तिचा चेहरा असा उजळलेला, तसा मी तिच्या जन्मात बघितला नव्हता.

"तुज्या हातानं फिरला न्हाय त्यो," आराधीण म्हणाली. "तुज्या लेकीनं फिरीवला."

मी काय केलं असेल? अंबूला मागं ओढलं आणि पुन्हा हात टेकले. पुन्हा विचारायचं होतं मला, नीट. आराधिणीनं मनगट सोडलं नाही. "कुणाला इचारतीस? आई पलंगावर हाय." मी म्हटलं, "मावशी, पण चिंतामणी तर जागाच आहे ना?" वाद घालण्यात मी कधी कमी पडले नाही, मग जीव जाईना का. ती खदखदून हसली. "शानी हाईस! घरची मालकीण निजली, म्हणून दाराच्या कडीला इचारून घरात शिरतीस व्हय गं?"

आणि मग तिनं मला कट्ट्यावर बसवलं आणि विचारलं, काय झालं ते सांग. मी सगळं सांगितलं. नवस, बिब्बा, देवरुषी, सळई. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला मधे न तोडता ऐकलं. सांगून झाल्यावर तिचं हसू गेलं होतं. ती अंबूकडं बघत म्हणाली, "माजा भाऊ आसाच. म्हादू. सास्तूरकडं मेंढरं हाईत आमची. त्याला लहानपणी तीनदा डाग दिला. जीभ भाजली, बोलनं काय आलं न्हाय. पर त्या दिसापून त्यो आईच्या हाताला भ्यायला लागला. आई भाकर द्याया गेली तरी पळायचा. ती मरस्तवर जवळ आला न्हाय." थोडी थांबून म्हणाली, "लई तरसली माजी आई."

अंबू मला आत्ताच परकी समजते. सळईनंतर काय समजेल?

मी विचारलं, "मग आता कसे आहेत ते?" "हाय की चांगला. मेंढरं राखतो. रोज एकाच वाटंनं नेतो. वाट बदलली की तितंच बसतो, रडतो. मंग आमीच वाट बदलत न्हाय. त्याला म्या रोज एकाच जागी, एकाच टायमाला भाकर देती, एकच सबुद बोलती. सा-सात वरसांनी त्यो सबुद त्यानं मला परत दिला." कुठला शब्द, हे मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

मग ती उठली. "चल, आईला बघून घे." मी म्हटलं, अंबू गर्दीत किंचाळेल. "किंचाळू दे. हितं काय नवं हाय?" पण आत शेजेपाशी गोंगाट नव्हताच. रिकामं सिंहासन मी पहिल्यांदाच बघत होते. पलंगावर आई निजलेली, अंगावर वस्त्र. दाराशी एक वयस्कर पुजारी उभे होते. आम्ही पुढं झालो तसं त्यांनी उजव्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं, आणि डाव्या हाताचा तळवा खाली करून हवेत हळूच दाबला, पाळण्यातलं मूल निजवताना दाबतो तसा. सगळे गप्प झाले. अंबूसुद्धा. ती माझ्या पदराआड उभी होती, कुणाकडं बघत होती मला कळलं नाही. मला वाटलं, नेहमीसारखी कुणाकडंच नाही.

आराधीण माझ्या कानाशी कुजबुजली. "दसऱ्यापून आई बोलत न्हाय. बघत न्हाय. हितं कुणी इस्तू आणलाय का डाग द्यायला? उठंल तवा उठंल म्हून बसल्यात नव्हं समदे? तू बी बस."

तिथं मला रडू फुटलं. आवाज न करता, पदर तोंडात कोंबून. डोळे पुसून वळले तर ती पुढं गेली होती, जोगव्याचं गाणं म्हणत बायांच्या घोळक्यात मिसळली होती. नाव विचारायचं राहिलं. पुढं सास्तूरकडच्या ओळखीच्या माणसांना मी म्हादूबद्दल विचारलं. कुणी म्हणालं असेल, कुणी म्हणालं असा कुणी नाही. मी खोलात शिरले नाही.

पण भीती काही तिथं सोडून आले नाही मी. मोटारीत बसल्यापासून ती पुन्हा शेजारी येऊन बसली. दगड उजवीकडं फिरला होता, हे काही खोटं नव्हतं. देवीच्या मनात तेच असेल आणि मी एका भिकारणीसारख्या दिसणाऱ्या बाईचं ऐकून तिचा शब्द मोडत असेन तर? घरी मी नुसतं म्हटलं, "आई निजलीय, कौल मिळाला नाही."

पुनवेच्या सकाळी देवरुषी आला. अंगणात शेगडी पेटवली, सळई ठेवली. अंबू ओसरीवर वाटी फिरवत होती. सळईचा रंग बदलायला लागला. तशी मी उठून अंबूच्या पुढं जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "आज नको. आई निजलीय." तो हसला. "आवो, आज पुनव. आज आई उठली की पलंगावरनं! सिंव्हासनावर बसली आसंल आत्तापतूर."

खरंच की! हे माझ्या ध्यानातच नव्हतं. आता काय बोलू? हे माझ्याकडं बघत होते, आत्याबाई बघत होत्या. माझ्या तोंडून कसं गेलं मला माहीत नाही. मी अंबूकडं हात केला आणि म्हटलं, "ती उठली असेल. माझी अजून निजलीय. ही उठेपर्यंत मी बसणार."

"मंग कोप झाला तर मला बोल लावायचा न्हाय," तो म्हणाला. आणि तेवढ्यात आत्याबाई उठल्या, रांजणातलं पाणी तांब्यात घेतलं आणि शेगडीवर ओतलं. एकदम चर्र झालं, अंगणभर धूर. "व्हय व्हय, आमालाच लागंल कोप," त्या म्हणाल्या, "तुमी निगा." त्यांच्या हातातला तांब्या थरथरत होता. इतके दिवस त्याही माझ्याइतक्याच भ्यालेल्या होत्या, आणि मला वाटत होतं त्यांना हे सगळं हवंय! मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. हे आत जाऊन रडले.

पुढच्याच मंगळवारी गोंधळ घातला. दूर परसात घातला, अंबूच्या कानांना त्रास नको म्हणून. आणि मग बसायला शिकले. सकाळी त्याच वेळी, त्याच पाटावर, त्याच ताटलीत भाकरी, आणि एकच शब्द. ती वाटी फिरवायची म्हणून तिला जात्यापाशी बसवलं. महिन्याभरात जात्याच्या खुंट्यावर माझ्या हाताशेजारी तिचा हात आला. दळता दळता पहिल्यांदा तिचं अंग माझ्या अंगाला टेकलं तेव्हा मी श्वास रोखून बसले, की उठून जायची. नवव्या वर्षी ती "पाणी" म्हणाली. बरी झाली का? नाही. आजही अनोळखी माणूस आला की ती आत जाते. फाईल घेऊन येणाऱ्यांना मी सांगते, डॉक्टरांकडं जा, जरूर जा, आता शिकलेली माणसं आहेत, आमच्या वेळी नव्हती. फक्त घाबरून काही करू नका, आणि पोराला तुमच्या हाताची भीती बसेल असं काही तर मुळीच नको.

एवढं बोलते खरी, पण मनात एक टोचणी बरीच वर्षं राहिली. हिला मी कळते का? मी हिची कुणी आहे का? अंबू चौदा वर्षांची असताना मला विषमज्वर झाला. एकवीस दिवस अंथरुणाला खिळले. मला वाटायचं, मी गेले तर हिला कळणारसुद्धा नाही, ती वाटी फिरवत बसेल. दहाव्या-अकराव्या दिवशी ग्लानीतून डोळे किलकिले केले तर शेजारच्या तीन-चार बाया बघायला आल्या होत्या, दारातच मोठमोठ्यानं चौकशा चालल्या होत्या. अंबू माझ्या उशाशी बसली होती. मोठे आवाज आले की पळणारी माझी पोर हलली नव्हती. तिनं त्यांच्याकडं तोंड केलं. उजव्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. डाव्या हाताचा तळवा खाली करून हवेत हळूच दाबला.

नऊ वर्षांपूर्वी पदराआडून तिनं ते बघितलं होतं. सगळं बघितलं होतं. पलंग, पुजारी, निजलेली आई. मीच म्हणत बसले होते की माझी पोर बघत नाही.

बाया गप्प झाल्या. मी डोळे मिटून घेतले, रडते आहे हे तिला दिसू नये म्हणून. तापात मनातल्या मनात हात जोडले आणि म्हटलं, आई, मी तुला भर झोपेतून उठवायला बघितलं, माफ कर. नंतर आत्याबाईंनी सांगितलं, पोरगी एकवीस दिवस तिथून उठली नव्हती, भाकरीसुद्धा तिथंच खाल्ली. मी उठून बसेपर्यंत ती बसून होती.